कोकरू घेतलेली मुलगी

चित्राखालची पाटी दीपमालानं दोनदा वाचली. ‘अभ्यासचित्र. तपकिरी कागदावर कोळसा आणि पांढरा खडू. अनामिक धनगर मुलगी, हडपसर परिसर.’ मग तिनं चष्मा काढला, ओढणीला पुसला, पुन्हा लावला आणि चित्राकडे पाहिलं. परकर-पोलक्यातली आठ-नऊ वर्षांची मुलगी दोन्ही हातांवर कोकरू आडवं घेऊन उभी होती. कोकराची मान हातावरून खाली लोंबत होती. मागं मेंढरांची नुसती गोलाई, चार-सहा फटकाऱ्यांत उरकलेली. कागदभर पेन्सिलीच्या बारीक रेघांचे चौकोन मारलेले, लहान चित्र मोठ्या कॅनव्हासवर उतरवून घेण्यासाठी मारतात तसे. आणि मुलीच्या उजव्या भुवईत एक आडवी खोक होती, तिथं केस उगवलेले नव्हते. दीपमालाचं बोट आपोआप स्वतःच्या भुवईवर गेलं. कालव्याच्या पायरीवर आपटून पडलेली ती खोक अजून तिथंच होती, बोटाला गुळगुळीत लागत होती. मोठ्या चित्रात चित्रकारानं, म्हणजे काकांनी, ती बुजवली होती. कॅलेंडरांवर, दिवाळी अंकावर, कुणाकुणाच्या बैठकीच्या खोलीत ते मोठं चित्र, ‘वस्तीची संध्याकाळ’, तिनं इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्यातली बिनखोकीची मुलगी आपण नव्हेच असं तिला पुढं पुढं खरंच वाटायला लागलं होतं. हा कागद मात्र तिनं त्या दिवसानंतर आजच पाहिला.

“दीपाताई, कसलं भारी आहे ना?” मागून पूर्वा आली. प्रदर्शनाची सगळी मांडणी तिची. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, केस एका बाजूनं कापलेले, हातात मोजपट्टी. “मला तर फायनलपेक्षा हेच जास्त आवडलंय. एकदम रॉ.”

“ही कोण?”

“मॉडेल? सरांना आठवत नाहीये. मी किती वेळा विचारलं. म्हणाले, तिथलीच एखादी धनगराची मुलगी असेल. पण मला ना, ती अनामिक असणंच जास्त पॉवरफुल वाटतं. म्हणजे ती एक मुलगी नाहीये, ती सगळ्याच मुली आहे.”

“सगळ्या मुलींच्या भुवईला खोक असते?”

पूर्वा हसली. “तुम्ही पण ना! टिपिकल सदाशिव पेठ.”

दीपमाला हसली नाही. तिला काकांनी खुर्ची बघायला पाठवलं होतं. उद्घाटनाला बसायचं तर खुर्चीला हात हवेत, आणि उजेड डोळ्यांवर यायला नको. तिनं खुर्ची बघितली, उजेड बघितला, आणि निघाली. स्कूटर सुरू करताना तिच्या लक्षात आलं, की आपण दोन्ही हात कोपरात वाकवून पोटाशी धरले आहेत, काहीतरी पडू नये म्हणून धरावेत तसे.

सदाशिव पेठेतल्या तिच्या लॅबमध्ये शनिवारी गर्दी असते. उपाशीपोटी आलेले लोक बाकावर चिडून बसलेले असतात आणि एकमेकांचे नंबर तपासत असतात. दीपमाला एकेका दंडाला पट्टा बांधत होती, शीर चाचपत होती, सुई घालत होती, नळीवर नाव लिहीत होती. नाव नसलेला नमुना ती कधी तपासत नसे, फेकून देई. रक्त कितीही चांगलं असलं तरी कुणाचं ते ठाऊक नसेल तर त्याचा काय उपयोग, असं ती नव्या मुलींना शिकवताना सांगे, आणि नव्या मुली एकमेकींकडे बघून डोळे मिचकावत, कारण हे वाक्य ती फार वेळा सांगे. आज एका नळीवर नाव लिहायला ती विसरली. पेन तिच्या हातात होतं, नळी हातात होती, समोरचे गृहस्थ बाही खाली करत उठले होते, आणि तिला टर्पेंटाइनचा वास आला. लॅबमध्ये टर्पेंटाइन नव्हतं. स्पिरिट होतं, फिनेल होतं. तो वास त्यातल्या कशाचाच नव्हता. ती नळी तिनं कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली आणि गृहस्थांना म्हणाली, “पुन्हा बसा.” ते म्हणाले, “का हो, आवडलं नाही का माझं रक्त?” ती म्हणाली, “बसा.”

तो वास कार्तिकातला होता. पाऊस संपला की धनगर घाटावरून खाली कोकणाकडे निघत, आणि वाटेत हडपसरला कालव्याखालच्या वावरांत त्यांची मेंढरं बसवून घ्यायची चाल होती. काढणी झालेल्या रानात रात्रभर कळप बसला की लेंड्या-मुताचं खत आयतं मिळे. दीपमालाच्या वडिलांनी, आबांनी, त्या वर्षी सखू धनगरणीच्या घरची मेंढरं बसवली होती. वाघर म्हणजे दोरीचं जाळं, ते खुंट्यांवर ताणून चौकोन केलेला, आत मेंढरं दाटीवाटीनं, आणि त्या दाटीतून येणारी ऊब. दीपमालाला ती ऊब अजून गुडघ्यांना आठवे. काका तेव्हा चाळिशीचे असतील. बद्रीनाथ रहाळकर, पुण्याचे चित्रकार, घडीचं स्टूल घेऊन बसनं येत आणि दिवसभर बांधावर बसून रंगवत. आबांना त्याचं फार कौतुक. पुण्याचा बामण आपल्या बांधावर बसतो, आपल्या घरचं पाणी पितो, हे ते मंडईत चार जणांना सांगत. त्या दिवशी काकांना मुलगी हवी होती, कोकरू घेऊन उभी असलेली. सखूची मुलगी तिथंच खेळत होती. पण सखूनं मान हलवली. “माझी पोर उभी ऱ्हानार न्हाई. तिला काम हाय.” काम काही नव्हतं. आबा मोठ्यानं हसले आणि म्हणाले, “मग आमची ऱ्हाईल की.” दीपमालाच्या अंगात शाळेचा निळा फ्रॉक होता. तो चालणार नव्हता. मग खोपीच्या आड दोघींचे कपडे बदलले. सखूच्या मुलीचा परकर तेलकट होता, त्याला लोकरीचा वास होता आणि तो कमरेला ओला लागला. आणि ती मुलगी दीपमालाचा निळा फ्रॉक घालून वाघरीभोवती पळत सुटली, दोन्ही हात पसरून, ओरडत. दीपमालाला ते बघायचं होतं. पण काका म्हणाले, “हलू नकोस.”

कोकरू पहाटे जन्मलेलं होतं. अजून नाळेचा काळा दोरा पोटाला लोंबत होता. काकांनी सकाळभर तैलरंगात मागचं रान रंगवलं होतं आणि हात टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसले होते. त्याच हातांनी त्यांनी कोकराचे पाय एक-एक करून तिच्या हातावर मांडले, मान सोडून दिली, परत उचलली, परत सोडली. “अशी लोंबू दे. छान आहे. हलू नकोस.” ऊन डोळ्यांवर आलं. कोकरू आधी धडपडलं, मग निपचित झालं आणि झोपलं, आणि झोपल्यावर जड झालं. दीपमालाच्या कोपराला मुंग्या आल्या, मग कोपर नाहीसंच झालं. पलीकडे कोकराची आई ओरडत होती. कागदावर कोळसा खरखर वाजत होता. मग एकदाचं काका म्हणाले, “झालं,” आणि दीपमालानं कोकरू वाघरीत सोडलं. ते लटपटत आईकडे गेलं. मेंढीनं नाक लावलं, हुंगलं, मागं सरकली आणि त्याला ढुशी मारली. कोकरू पडलं, उठलं, परत गेलं. मेंढीनं परत ढुशी मारली. सखू धावत आली. तिनं कोकरू उचलून स्वतःच्या नाकाशी धरलं आणि काकांवर ओरडली, “कशाचा वास लावलास रं बाबा माझ्या लेकराला?” काकांनी बाटलीचं नाव सांगितलं. सखूनं हात झटकला. तिनं मेंढीचं दूध काढून कोकराच्या अंगाला चोळलं, शेपटीला चोळलं, आणि वाघरीच्या कोपऱ्यात, जिथं वळायलाही जागा नाही अशा फटीत, दोघांना एकत्र बांधलं. “घेईल न्हाईतर न्हाई,” ती म्हणाली. “सकाळी कळंल.” सकाळी दीपमाला उठून गेली तर वाघर उठली होती. वावरात लेंड्यांचा काळा चौकोन होता आणि धुकं होतं. निळा फ्रॉक खोपीच्या दारात घडी करून ठेवला होता. त्याला लोकरीचा वास येत होता आणि आईनं तो दोनदा उकळला.

पुढं कॉलेजात प्राणिशास्त्राच्या तासाला बाईंनी सांगितलं होतं, की मेंढी आपलं पिल्लू पहिल्या काही तासांत वासानं ओळखायला शिकते आणि तो वास बिघडला तर ते तिच्या लेखी परकं होतं. वर्गातल्या सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. दीपमालानंही उतरवून घेतलं. तिला तेव्हा कोकराची आठवण आली होती, पण फक्त कोकराचीच. बाकीचं तिनं येऊ दिलं नव्हतं.

संध्याकाळी ती काकांकडे गेली. काकू गेल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत औषध घालणं तिचंच काम होतं. काचबिंदू. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्यात मधोमध थोडं उरलेलं. नर्स ठेवा म्हटलं तर म्हणत, “नर्सचे हात ओले असतात.” तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत ती नऊ वर्षं राहिली होती. आधी ‘पंधरवड्यापुरती’ म्हणून आली होती, मोठ्या कॅनव्हाससाठी उभं राहायला. तिथं कोकरू नव्हतं. काकू भिजवलेला पंचा गुंडाळून तिच्या हातावर ठेवत, म्हणजे बरोबर वजन येई. पाणी परकरावर गळे. पंधरवड्याचा महिना झाला, महिन्याची शाळा झाली. “हुशार आहे हो पोरगी,” काकू आबांना म्हणाल्या होत्या, “राहू दे इथंच, शिकवू.” आबांनी हात जोडले होते. आई मागं उभी होती, तिनं काहीच केलं नव्हतं, हातही जोडले नव्हते. चित्र पुरं झालं तोवर दीपमाला अंगानं वाढली होती, चित्रापुरती उरली नव्हती. मग ती काकूंच्या हाताखाली आली. कुकर लावायला शिकली, ‘ण’ नीट म्हणायला शिकली, पहिल्या वर्गात पास होत गेली. सुटीत हडपसरला गेली तेव्हा आईनं तिला दारातच थांबवलं होतं. जवळ येऊन केसांशी नाक नेलं होतं. “घासलेटाचा वास येतोय तुला.” न्हाणीत बसवून तिला शिकेकाईनं घासलं, मान लाल होईस्तोवर. आणि रात्री, नेहमीप्रमाणे ती आईच्या कुशीत शिरायला गेली तेव्हा आईनं धाकट्या भावाला, ज्ञानदेवला, मध्ये घेतलं. “त्यो ल्हान हाय,” ती म्हणाली. ज्ञानदेव तिच्यापेक्षा एक वर्षानं लहान होता.

“मान वर करा,” दीपमाला म्हणाली.

काकांनी मान वर केली. “खुर्ची बघितलीस?”

“बघितली. हात आहेत तिला.”

“उजेड?”

“मागून आहे.”

“मग हरकत नाही.” थेंब पडला. त्यांनी डोळे मिटले. पहिल्या औषधानंतर पाच मिनिटं थांबून दुसरं घालायचं असतं, आणि तोवर डोळे उघडायचे नसतात. रोज या पाच मिनिटांत ती भांडी आवरी. आज ती समोर बसून राहिली.

“पाटी वाचली मी.”

“कुठली?”

“अनामिक धनगर मुलगी.”

“हं.”

“तुम्हाला आठवत नाही म्हणे.”

“पंचाऐंशी वर्षांच्या माणसाला सगळं आठवलंच पाहिजे असा महापालिकेचा ठराव झालाय का?”

“मी होते ती.”

 काकांच्या मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे सरकली. तिला एकदम त्यांची कीव आली, खरोखरच विसरले असतील असं वाटलं, आणि ती जरा मऊ आवाजात म्हणाली, “आठवत नसेल तर सांगते मी. आमच्या वावरात मेंढरं बसली होती. सखूनं तिच्या मुलीला उभं राहू दिलं नाही, म्हणून मग...”

“डावा पाय,” काका म्हणाले.

“काय?”

“तुझा डावा पाय सारखा आत वळायचा. तीन वेळा पुसला मी. कागद तिथं झिजलाय, नीट बघितलं असतंस तर दिसलं असतं. आणि तुझं सगळं लक्ष त्या दुसऱ्या कार्टीकडे. तुझा फ्रॉक घालून नाचत होती.”

दीपमालानं हातातली बाटली खाली ठेवली. “म्हणजे आठवतंय.”

“मला सगळं आठवतं. आठवण वेगळी आणि पाटी वेगळी.” त्यांनी हात वर करून पापणीकडे नेला. ती म्हणाली, “हात नका लावू,” आणि त्यांनी तो खाली घेतला. “त्या चित्राबद्दल लोक काय लिहितात ठाऊक आहे ना तुला? चित्रकार कळपाबरोबर हिंडला. त्या मुलीच्या डोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची पायपीट आहे. आता तिथं काय लिहू? पायपीट वगैरे काही नाही, ही बागाईतदार माळ्याची मुलगी, स्वतःच्या दारात उभी आहे, कपडे उसने आणलेत? आणि पुढं नऊ वर्षं आमच्याकडे वरणभात खात होती?”

“खरं तेच आहे.”

“खरं असेल. चित्र मरतं त्यानं.”

“आणि मी?”

“तू कशाला मरतेस? चांगली धडधाकट आहेस. लॅब आहे तुझी.” ते हसले. मान वर, डोळे बंद, आणि ओठ तेवढे हसलेले. “दीपा, तुला घरात ठेवलं, शिकवलं, तेव्हा आम्ही कुठं दारावर पाटी लावली होती? नाही ना? मग तू कशाला मागतेस?”

 दीपमालाला उत्तर कधीच वेळेवर सुचत नसे. या घरातले लोक वाक्यं तयार ठेवत, चाकूसारखी, धार काढून, ओट्यावर हाताशी. नऊ वर्षं तिनं ती ऐकली होती. ‘आमच्याकडे भाताला एवढं तेल लागत नाही.’ ‘हडपसरहून पत्र आलं नाही वाटतं? बरोबर, लिहायचं कुणी?’ आणि ते सगळं प्रेमातच चाललं आहे असं तिनं मानून घेतलं होतं, कारण प्रेम नसतं तर ठेवलं कशाला असतं? आज प्रथमच तिला दिसलं, की ठेवलं कशाला याचं उत्तर त्या तपकिरी कागदावर चौकोन मारून लिहिलेलं आहे. पंधरवड्यापुरती. पुढं सोडून देणं बरं दिसलं नसतं इतकंच. ‘हुशार आहे हो पोरगी’ हे वाक्य तिनं इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं, गोळीसारखं. आता त्याचा नुसता कडूपणा उरला.

“उघडू का डोळे?” काकांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “अजून थांबा.” पाच मिनिटं कधीच झाली होती.

रविवारी दुपारी ती हडपसरला गेली. ज्या वावरात मेंढरं बसली होती तिथं आता ज्ञानदेवची इमारत होती, आणि चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आई मेथी निवडत बसली होती. मथुराबाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ताठ कण्याची, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली.

“आज कसं काय वाट चुकली?” आई म्हणाली.

“तुला न्यायला आले. काकांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कळायला नको. बघायचं फक्त. एका चित्राकडे बघायचं आणि कोण आहे ते सांगायचं.”

“तुझं तुला ठावं न्हाई व्हय?”

“मला आहे. त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे.”

आईनं मेथीची काडी मोडली. खाली रस्त्यावर आयटीवाल्यांच्या बसनं हॉर्न दिला. “त्येंनी लई केलं तुझं,” ती म्हणाली, आणि ते कौतुक होतं की टोमणा हे दीपमालाला पन्नास वर्षांत कधी ओळखता आलं नव्हतं. मग आई उठली आणि हिरवं इरकल नेसून आली. रिक्षात ती एका टोकाला बसली, दीपमाला दुसऱ्या. मध्ये आईनं पिशवी ठेवली. मगरपट्टा गेला, रेसकोर्स गेलं. दीपमाला मनात वाक्यं जुळवत होती. आई म्हणेल, ही माझी लेक. मग पूर्वाचं तोंड बघण्यासारखं होईल. पाटी काढावी लागेल, नवी छापावी लागेल. तिला नाव हवं होतं. नावच असं नाही, कुणीतरी चार लोकांत बोट दाखवून ‘ही आमची’ म्हणायला हवं होतं. इकडून किंवा तिकडून. कुठूनही चाललं असतं, आणि आपल्याला ते कुठूनही चाललं असतं याचीच तिला मनस्वी चीड आली.

दालनात माणसं जमली होती. खादीचे कुर्ते, सिल्कच्या साड्या, हातात चहाचे कागदी पेले. काका हातांच्या खुर्चीत बसले होते, उजेड मागून होता, आणि लोक वाकून वाकून त्यांच्या कानाशी बोलत होते. ती खुर्ची त्या तपकिरी कागदाच्या अगदी शेजारी ठेवली होती, फोटो चांगले यावेत म्हणून. पूर्वानं आईला पाहिलं आणि ती लगबगीनं आली.

“या या आजी! दीपाताई, या तुमच्या आई? किती क्यूट!”

“हिला चित्र दाखव,” दीपमाला म्हणाली. “आणि विचार, ही मुलगी कोण.”

“ओ माय गॉड, म्हणजे आजी ओळखतात तिला?”

हे सगळं पुरेसं मोठ्यानं झालं. काकांनी मान किंचित वळवली. आई कागदासमोर जाऊन उभी राहिली. आधी लांबून, मग जवळून, मग इतक्या जवळून की तिचं नाक काचेला लागेल असं वाटलं. पूर्वा म्हणाली, “आजी, हात नका हं लावू.” आईनं हात लावला नव्हता. ती भुवईकडे बघत होती. दीपमालाला तिच्या मानेची शीर दिसत होती, आणि त्या शिरेतलं उडणं मोजता आलं असतं इतकी ती जवळ होती. आजूबाजूची दोन-चार माणसं थांबली. कुणीतरी फोन वर धरला.

“कोण आहे, आजी?”

आई मागं सरली. तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. “धनगराची हाय कोन तरी,” ती म्हणाली. “आमची न्हवं ही.”

 मग काका हसले, खुर्चीत जरा सैल झाले. “बघा,” ते माणसांना म्हणाले, “आईला विचारलंत ते फार बरं केलंत. आईएवढं कोण ओळखणार?” माणसंही हसली, त्यांना नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं तरी. पूर्वा म्हणाली, “बट दॅट्स सो इंटरेस्टिंग,” आणि पुढं गेली, कारण दारात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली होती.

दीपमालाला छातीत ढुशी बसल्यासारखं झालं, हाडावर, जिथं मांस नसतं तिथं. ती पडली नाही. तिनं पर्स उघडली. आत औषधाच्या दोन्ही बाटल्या होत्या, रोज असत तशा. ती खुर्चीजवळ गेली.

“काका, औषधाची वेळ झाली.”

“आत्ता? इथं?” ते कुजबुजले. “पाहुणे येतायत, दीपा.”

“वेळ म्हणजे वेळ. तुम्हीच म्हणता.” तिनं त्यांच्या हनुवटीखाली हात घालून मान मागं केली. मान हलकी होती, सुकलेल्या भोपळ्यासारखी. तिनं ती जरा डावीकडे वळवली, मग पुन्हा उजवीकडे, मग सोडली आणि परत उचलली. त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर होते, ते तिनं उचलून मांडीवर ठेवले, एकावर एक. माणसं आदरानं मागं सरकली. एकीनं “किती करते हो त्यांचं” असं म्हटलेलं तिला ऐकू आलं. थेंब पडला. दुसऱ्या डोळ्यात पडला. गालावरून एक ओघळ कुर्त्याच्या कॉलरमध्ये गेला.

“हलू नका,” ती म्हणाली. “मी सांगेपर्यंत डोळे उघडू नका.”

काका हलले नाहीत. फोनचे दोन-तीन फ्लॅश उडाले. दीपमालानं बाटल्यांची झाकणं घट्ट लावली, त्या खुर्चीखाली ठेवल्या, आईचा दंड धरला आणि बाहेर पडली. दारात पाहुणे हार सावरत आत येत होते. तिनं मागं वळून एकदा पाहिलं. चित्राशेजारी ते तसेच होते, मान मागं टाकलेली, तोंड किंचित उघडं, आणि त्यांच्यासमोर येऊन सगळे थबकलेले.

परतीची रिक्षा लहान होती. मागं कुणाचं तरी सामान कोंबलेलं, बसायची फट अरुंद. पिशवी मध्ये ठेवायला जागाच नव्हती, ती आईनं पायाशी घेतली. फोन पर्समध्ये थरथरला, थांबला, परत थरथरला. दीपमालानं तो बघितला नाही. कॅम्पातल्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा आई समोर बघत म्हणाली, “कोकरू असं धरत्यात व्हय? मान लोंबत हुती त्याची.”

दीपमालानं तिच्याकडे पाहिलं. आईनं पाहिलं नाही.

“त्यांनी तसं धरायला सांगितलं होतं,” दीपमाला म्हणाली.

“सांगितलं म्हनून धरायचं?”

“सांगितलं म्हणून धाडायचं?”

ते तिच्या तोंडून निघून गेलं. प्रथमच वेळेवर सुचलं होतं. आईचा जबडा हलला, काहीतरी चावल्यासारखा. सिग्नल सुटला. रिक्षावाल्यानं हिसका देऊन गाडी काढली आणि आईचा खांदा दीपमालाच्या खांद्यावर येऊन आदळला, टणक, हाडाचा. वळणावर पुन्हा आदळला. फातिमानगरच्या चौकात रिक्षा सरळ झाली, आणि दीपमाला आपल्या बाजूच्या लोखंडी दांडीला चिकटून, श्वास धरून वाट बघत राहिली, आई आता पलीकडे सरकते का. तिच्या हाताला सकाळच्या लॅबचं स्पिरिट, औषध आणि त्या म्हाताऱ्याच्या गालाचं पाणी, सगळ्याचा वास होता. आईनं नाकपुड्या आत ओढल्या. एकदा. मग पुन्हा एकदा. खांदा तिथंच होता.